टेनपिन बोलिंगचा नवीन बॉल ड्रिल करायचाय? पिन कुठे ठेवायचा हे सगळ्यात शेवटी ठरवायचं

तू मला काका म्हणालास म्हणून मीही सरळ एकेरीत लिहितो. तुझा प्रश्न आधी परत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुलाही कळेल. तू चिपळूणचा, उजव्या हाताने टाकतोस, एक आड एक शनिवारी कुंभार्ली घाट उतरून-चढून पुण्याला जाऊन खेळतोस आणि अधेमधे गोव्याला. आतापर्यंत एक जुना सिमेट्रिक (आतला गाभा समतोल आकाराचा) रिअ‍ॅक्टिव्ह बॉल वापरलास, आता पैसे साठवून १५ पौंडी नवा असिमेट्रिक (आतला गाभा वाकडातिकडा) बॉल मागवलास, पिनचं अंतर, म्हणजे बॉलवरचा पिनचा रंगीत ठिपका ते सीजीचा (गुरुत्वमध्याचा) ठिपका, ३ ते ४ इंच. मित्र म्हणतो पिन अप मार, म्हणजे ठिपका बोटांच्या भोकांच्या वर येईल असा, व्हिडिओवाला म्हणतो तो ठिपका फिरण्याच्या आसापासून ३⅜ इंचावर मार म्हणजे सगळ्यात जास्त हुक, म्हणजे वळण, मिळतो, आणि तुला हुक वाढवायचाय कारण पॉकेटमध्ये (१ आणि ३ नंबरच्या पिनांमधल्या फटीत) जाऊनसुद्धा उजव्या कोपऱ्यातली १० नंबरची पिन उभी राहते, विशेषतः दुसऱ्या गेमपासून. विचारतोस, कुठला लेआउट, म्हणजे पिनच्या ठिपक्याच्या हिशोबाने भोकं कुठे मारायची?

खरं सांगू का, तुझ्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तू शेवटी जाता जाता लिहिलीस. १० नंबर उभी राहते तेव्हा तिच्या लगेच पुढची ६ नंबरची पिन "गटारात आडवी पडलेली असते". मी तर तिथेच थांबलो. दोन वेगवेगळ्या तऱ्हेने १० उभी राहते. एकात ६ नंबर जोरात उडते आणि १० च्या मानेभोवतून निघून जाते, तिथे बॉलमध्ये दम असतो, फक्त कोन किंवा जागा जराशी चुकलेली. दुसऱ्यात ६ नंबर दमल्यासारखी बाजूला पडून गटारात झोपते. तिथे बॉल पिनांपर्यंत पोचेपर्यंत मेलेला असतो. तुझं हे दुसरं आहे. आणि ते दुसऱ्या गेमपासून वाढतं म्हणतोस, म्हणजे लेनच्या पुढच्या भागातलं ऑइल बॉलांनी पिऊन टाकलं की तुझा बॉल लवकर पकड घेतो, लवकर वळतो, सगळी ताकद आधीच खर्च करतो आणि पिनांना धडकतो तेव्हा नुसता लोटला जातो. म्हणजे तुला हुक कमी पडत नाहीये, तो चुकीच्या जागी होतोय. अशा वेळी ३⅜ वर ड्रिल केलास तर आजार वाढेल. तुझा खरा प्रश्न "जास्त हुक कसा मिळेल" हा नसून "शेवटच्या वीस फुटांसाठी ताकद शिल्लक कशी राहील" हा आहे.

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. साध्या हाउस पॅटर्नवर (रोजच्या खेळासाठी लेनवर ऑइल पसरायची नेहमीची पद्धत) ऑइल साधारण ४० फुटांपर्यंत, पुढे कोरडं. बॉल आधी घसरतो, मग वळतो, मग रोल होतो, स्किड-हुक-रोल. तिन्ही झाले पाहिजेत आणि रोल पिनांच्या जरा आधी सुरू झाला पाहिजे. फार आधी झाला की तुझ्यासारखं होतं, झालाच नाही तर बॉल पॉकेटमधून भरकटतो.

आता लेआउट नक्की काय करतो ते बघ. बॉल आतून एकसारखा भरीव नसतो, त्यात एक जड कोअर असतो, कुणाचा दिव्याच्या बल्बसारखा, कुणाचा वाकडातिकडा. बॉलवरचा रंगीत ठिपका, ज्याला आपण पिन म्हणतो (लेनवरच्या पिनांशी घोटाळा करू नकोस), तो कोअरचं डोकं कुठे आहे ते दाखवतो. भोवरा आठव. सरळ उभा फिरत असेल तर तो शांत असतो, तिरका पडला की डुलायला लागतो. कोअर तुझ्या फिरण्याच्या आसावर सरळ उभा असेल, म्हणजे पिन थेट आसावर, तरी तो शांत. पूर्ण आडवा असेल, म्हणजे पिन आसापासून ६¾ इंच, तरी शांत. ६¾ का, तर बॉलचा घेर साधारण २७ इंच आणि त्याचा पाव भाग म्हणजे पावणेसात. आणि बरोबर मध्ये, ३⅜ ला, कोअर सगळ्यात तिरका, सगळ्यात अस्वस्थ. तो डुलतो तेव्हा फिरण्याचा आस सरकत जातो आणि प्रत्येक फेऱ्याला बॉलचा नवा कोरडा पट्टा लेनला लागतो. बॉल परत आला की त्यावर ऑइलच्या सुट्या सुट्या रेघा दिसतात ना, तोच फ्लेअर. रेघा जितक्या फाकलेल्या तितका कोरडा पट्टा जास्त, तितकी पकड जास्त. जिथे ऑइल भरपूर तिथे हे हवंच. शनिवारी संध्याकाळी, दिवसभर पोरंटोरं हाउस बॉल फेकून गेलेल्या लेनवर, ते नको.

या सगळ्यात "आस" हा शब्द आला बघ, सगळी गोम तिथेच आहे. नारळ घे एक सोललेला. त्याचे तीन डोळे म्हणजे तुझी दोन बोटं आणि अंगठा समज, सोडतोस तसा तो हातात फिरव. सगळा नारळ फिरतो पण उजव्या अंगाला एक बिंदू असा असतो की जो जागचा हलत नाही, चाकाच्या आसासारखा. तोच पीएपी, म्हणजे पॉझिटिव्ह अ‍ॅक्सिस पॉइंट. तो प्रत्येकाचा वेगळा, मनगट, बोटं, सोडायची सवय यावर अवलंबून. कुणाचा ग्रिप सेंटरपासून (बोटं आणि अंगठ्याच्या भोकांमधला मध्यबिंदू) ४ इंच उजवीकडे, कुणाचा ५½, कुणाचा वर अर्धा इंच, कुणाचा खाली. आणि लेआउटचा प्रत्येक आकडा या बिंदूच्या आधारे काढतात.

म्हणून फोटो बघून ड्रिल करणं मला मान्य नाही. हिशोब करून दाखवतो. समज फोटोतला पिन ग्रिप सेंटरपासून १ इंच उजवीकडे आणि ३ इंच वर आहे, आणि दोघांनी तो जसाच्या तसा उचलला. ज्याचा पीएपी सेंटरपासून ४ इंच आहे त्याच्यासाठी पिन ते पीएपी अंतर येतं साधारण ४ इंच. ज्याचा पीएपी ५½ आहे त्याच्यासाठी येतं साधारण ५ इंच. दिसायला दोन्ही बॉल जुळे भाऊ, एक चांगलाच फाकणार आणि दुसरा बेतानं. आणि तू पाठवलेल्या व्हिडिओतला माणूस तर टू-हँडेड आहे, जेसन बेलमोंटेसारखा, अंगठा घालतच नाही, त्याचे रेव्ह, म्हणजे बॉलचे मिनिटाला फेरे, तुझ्या दीडपटीच्या आसपास असणार. त्याला जे चालतं ते तुला चालेलच असं नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी सोळा वर्षं कुवेतमध्ये प्रो शॉपवर (बॉल ड्रिल करून देणारं दुकान) होतो, आता जयगडच्या बाजूला घरीच मागच्या पडवीत मशीन आहे, गोव्याहून कोल्हापुराहून लोक बॉल घेऊन येतात. कुवेतला दुसऱ्याच वर्षी एक गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं, घाईत होतं, मी पण पीएपी मोजला नाही, फोटोत होता तसा पिन खाली ठेवून ड्रिल करून दिला. पहिलाच बॉल टाकला आणि लेनवरून आवाज आला, टक टक टक टक, प्रत्येक फेऱ्याला. त्याचा ट्रॅक, म्हणजे बॉलचा लेनला लागणारा पट्टा, फ्लेअर होऊन थेट अंगठ्याच्या भोकावरून जात होता. बॉल नवा कोरा, महिन्याच्या पगाराचा चांगला तुकडा खर्च करून घेतलेला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. चूक पूर्ण माझी होती. भोकं प्लग केली, म्हणजे भरून बुजवली, सुकू दिली, परत ड्रिल केला, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर पीएपी मोजल्याशिवाय एकाही बॉलला बिट लावलेलं नाही.

आता क्रम सांगतो, आणि यात घाई करू नकोस.

पहिलं ग्रिप. तू लिहिलंस की जुन्या बॉलमध्ये अंगठा "कधी अडकतो कधी सुटा पडतो". अरे मग आधी ते. अंगठा अडकत असेल तर तू नकळत बॉल दाबतोस, सोडायला उशीर होतो, मनगट वळतं, म्हणजे तुझा पीएपीच मुळात खोटा येणार. खोट्या पीएपीवर कितीही अचूक लेआउट काढला तरी काय उपयोग. आणि आपल्याकडे कोकणात ही भानगड जास्त होते, कारण इथली हवा दमट, अंगठा फुगलेला. तू चिपळूणहून घामाघूम निघतोस, पुण्यात एसीत शिरतोस, तासाभरात अंगठा बारीक होतो, मग दोन गेम खेळून परत फुगतो. मी इथे येणाऱ्यांचा अंगठा दोनदा मोजतो, आल्या आल्या आणि अर्धा-पाऊण तास हातात बॉल घेऊन झुलवून झाल्यावर. पावसाळ्यात तर एका माणसाचे दोन वेगळे आकडे येतात. मग भोक मोठ्या आकड्याला ठेवून आत टेपचे दोन तुकडे लावतो, अंगठा फुगला की एक काढायचा, बारीक झाला की एक वाढवायचा. ड्रिलरला सांग की थंब स्लग (अंगठ्याच्या भोकात बसवायचा प्लास्टिकचा तुकडा) बसव, म्हणजे पुढे बदल करायचा झाला तर बॉलला हात लावायला नको.

स्पॅनचंही, म्हणजे अंगठ्याच्या भोकापासून बोटांच्या भोकांपर्यंतच्या अंतराचंही, तेच. अंगठा पूर्ण आत, बोटं सैल सोडून बॉलवर पसरायची, ताणायची नाहीत. फिंगरटिप ग्रिपमध्ये बोटाचं पहिलं पेर भोकाच्या कडेला यायला हवं. स्पॅन लांब झाला की अंगठ्याच्या बुंध्यात दुखतं आणि अंगठ्याच्या मागच्या बाजूला लाल रेघ उमटते, ती रेघ मी सगळ्यात आधी बघतो. पिच, म्हणजे भोकाचा तिरकेपणा, किती, पुढे की मागे, हे हात बघितल्याशिवाय कुणी सांगू नये, मी पण सांगणार नाही. अंगठा मागे किती वाकतो, पेर किती लवचिक, सगळं त्यावर.

तर जुना बॉल आधी नव्या मापाने दुरुस्त करून घे. त्यावर दहा-पंधरा गेम खेळ, हाताला सवय होऊ दे. नवा बॉल तोवर तसाच राहू दे, तो काही नासत नाही. फक्त मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, उन्हात तापून आणि मग एसीत गार पडून बॉल तडकतात, मी तडकलेले पाहिलेत.

मग पीएपी काढ. बॉल टाकल्यावर परत आला की पुसायचा नाही, त्यावर ऑइलच्या रेघा दिसतील. त्यातली बोटांच्या आणि अंगठ्याच्या भोकांना सगळ्यात जवळची रेघ, ती पहिली रेघ, ग्रीस पेन्सिलने गिरवायची. ड्रिलरकडे अर्माडिलो नावाचं साधन असेल तर त्या रेघेवर ठेवून थेट बिंदू मिळतो. मिळालेल्या बिंदूवर पांढऱ्या टेपचा चिमुकला तुकडा चिकटव, परत टाक, आणि मित्राला मोबाइलवर स्लो मोशनमध्ये मागून आणि उजवीकडून शूट करायला सांग. हातातून सुटताना टेप जागच्या जागी गरगरत राहिली तर बिंदू बरोबर. टेप गोल गोल फिरताना दिसली तर चुकलाय, जरा सरकवून परत कर. पाच-सहा शॉट घे, एकावर विश्वास ठेवू नकोस.

त्याच व्हिडिओतून रेव्हही मोजता येतात. मोबाइल २४० फ्रेमवर असेल तर बोटांच्या भोकाजवळ एक टेप लाव, सुटल्यावरचा पहिला फेरा किती फ्रेममध्ये पूर्ण होतो ते मोज आणि १४,४०० ला त्या आकड्याने भाग. ४८ फ्रेम लागल्या तर ३०० रेव्ह. तू २८० म्हणतोस ते कुणी डोळ्याने बघून सांगितलं असेल तर परत मोज. आणि मॉनिटरवरचा २७ किलोमीटर स्पीड बऱ्याच ठिकाणी पिनांजवळ मोजलेला असतो, हातातून सुटताना तो त्याहून जास्त असतो, हेही लक्षात ठेव.

आता येतो तुझ्या मूळ प्रश्नावर. असिमेट्रिक बॉलला मी बॉलचे डिझाइनर मो पिनेल यांच्या ड्युअल अँगल पद्धतीनेच आकडे काढतो, तीन आकडे असतात. मधला आकडा पिन ते पीएपी अंतर, ते वर सांगितलं, फ्लेअर किती ते. पहिला ड्रिलिंग अँगल, म्हणजे पिनवर मास बायस (असिमेट्रिक कोअरचा बॉलवर खूण केलेला बिंदू) आणि पीएपी यांच्यामध्ये होणारा कोन, तो लहान तर बॉल लवकर रोल घेतो, मोठा तर लांब जातो. तिसरा व्हॅल अँगल, पीएपीतून जाणाऱ्या उभ्या रेषेशी पिनची रेघ किती कोन करते तो, लहान तर पिन बोटांच्या वर जातो आणि बॉल कोरड्यात पटकन वळतो, मोठा तर पिन बोटांच्या खाली येतो आणि वळण गोलसर, शांत. तुझा मित्र पिन अप म्हणतो ते याच तिसऱ्या आकड्याबद्दल, म्हणजे तो तिन्हींतला एकच आकडा सांगतोय आणि तोही अंदाजे. सिमेट्रिक बॉलला ड्रिलिंग अँगलचा फार फरक पडत नाही, पण तुझा असिमेट्रिक आहे, त्यामुळे तुला तिन्ही महत्त्वाचे.

तू जे लिहिलंस ते सगळं बरोबर धरलं, रेव्ह २८०-३०० आणि स्पीड त्याला जुळणारा, पीएपी ५ च्या आसपास, तर मी तुझा बॉल ६० × ४¾ × ४० असा काहीसा करीन. फ्लेअर मध्यम, रोल जरा उशिरा, पिन रिंग फिंगरच्या जरा वर. बॉलची ताकद आधीच भरपूर आहे, तिला थोडं थोपवून धरायचंय. पण मोजल्यावर स्पीड जास्त आणि रेव्ह २२० निघाले तर मी हेच दोन्ही कोन कमी करीन, ४५ आणि ३० च्या आसपास, नाहीतर तुझा बॉल वळायला सुरुवात करेपर्यंत पिना आलेल्या असतील. उलट रेव्ह ३५० निघाले तर कोन अजून मोठे, पिन पण ५ च्या पुढे. पीएपी ४ इंचावर निघाला तर आधी मला तुझा टिल्ट, म्हणजे बॉल फिरताना त्याच्या आसाचा कल, बघावा लागेल, बॉल भोवऱ्यासारखा गरगरत जाणारा असेल तर तो आपोआपच लांब घसरतो, तिथे परत हिशोब बदलतो. म्हणून वरचे आकडे कुणाला दाखवून "काकांनी सांगितलंय" म्हणून ड्रिल करून घेऊ नकोस.

बॉलवरच्या सीजीच्या ठिपक्याचं लोक फार मनावर घेतात. तू घेऊ नकोस. स्टॅटिक वजनाची, म्हणजे बॉलच्या समोरासमोरच्या बाजूंच्या वजनातल्या फरकाची, मर्यादा आता सगळ्या बाजूंनी ३ औंस आहे, साध्या लेआउटमध्ये ती सहसा ओलांडली जात नाही, ड्रिल झाल्यावर ड्रिलर तराजूवर बघेलच. पण त्याच नियमाची दुसरी बाजू तुला माहीत असू दे. यूएसबीसीने (अमेरिकेची बोलिंग संघटना) १ ऑगस्ट २०२० पासून बॅलन्स होल बंद केलं. पूर्वी लेआउट जरा चुकला तर बाजूला एक जादा भोक मारून फ्लेअर कमी-जास्त करता यायचा, आम्ही पुष्कळदा तसंच सावरून घ्यायचो. आता ज्या भोकात बोट घालत नाहीस ते भोक चालत नाही. म्हणजे पहिल्यांदा जे मारलं तेच, नाहीतर प्लग करून परत सगळं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, ग्रिप दुरुस्त, मग जुन्या बॉलवर खेळ, मग पीएपी आणि रेव्ह मोज, मग आकडे, मग मशीन. यात नवा बॉल पाचव्या पायरीवर येतो.

आणि एक, जे ड्रिल करण्याइतकंच मोठं आहे आणि जे फुकटात बदलता येतं. बॉलचा पृष्ठभाग. माझा अनुभव असा की बॉल कसा वागेल यात पहिला हात कव्हरस्टॉक (बॉलचं बाहेरचं कवच) आणि त्याच्या घासणीचा, मग कोअरचा, आणि लेआउट तिसरा. ५०० च्या पॅडने घासलेला बॉल आणि तोच बॉल ४,००० ने घासून पॉलिश केलेला, लेआउट तोच, तरी दोन वेगळे बॉल वाटतात. तुझ्या जुन्या बॉलबद्दल तू लिहिलंस की तीन वर्षांत त्याला काही केलं नाही, फक्त कपड्याने पुसतोस. रिअ‍ॅक्टिव्ह बॉल ऑइल पितो रे. त्याच्यावर ट्रॅकच्या पट्ट्यात हात फिरवून बघ, बाकीच्या बॉलपेक्षा वेगळा लागेल, आणि खोलवर ऑइल मुरलेला बॉल दमदार वळत नाही. म्हणजे तुझी मेलेली १० नंबर अर्धी त्यामुळेही असू शकते. आधी क्लीनरने स्वच्छ कर, मग २,००० आणि ४,००० च्या पॅडने चारी बाजूंनी सारखं घास, प्रत्येक बाजूला तितकाच वेळ, मग दोन गेम टाकून बघ. ६ नंबर गटारात झोपायची थांबली तर नव्या बॉलचं काम बदलतं. मग जुना कोरड्या लेनसाठी राहील आणि नवा आपण ऑइल जास्त असेल त्या स्पर्धेसाठी जरा जोरकस ड्रिल करू शकतो, ४ ते ४¼ वगैरे. बॅगेत दोनच बॉल असतील तर दोघांनी वेगवेगळं काम केलं पाहिजे, दोन्ही एकाच वेळी बरोबर आणि एकाच वेळी चुकीचे असून चालत नाही.

नवा बॉल ड्रिल झाल्यावर कंपनीच्या मूळ फिनिशवर किमान वीस गेम खेळ, मगच घासणी बदल. दुसऱ्या गेमपासून बॉल लवकर वळायला लागला की आधी पाय दोन बोर्ड (लेनच्या लाकडी पट्ट्या) डावीकडे सरकव. तू सरकतोस की त्याच जागेवरून टाकत राहतोस ते तू लिहिलं नाहीस, आणि मला ते खरंच जाणून घ्यायचंय.

तर आता मला चार गोष्टी पाठव. जुना बॉल साफ केल्यावर टाकलेल्या शॉटनंतरचा, न पुसता काढलेला फोटो, ज्यात तिन्ही भोकं आणि सगळ्या रेघा एकत्र दिसतील. टेप लावलेल्या शॉटचे दोन व्हिडिओ. नव्या बॉलच्या खोक्यावरचे आरजी आणि डिफरन्शियलचे आकडे, जे कोअरबद्दल सांगतात. आणि तुझ्या अंगठ्याचा मागच्या बाजूने फोटो, खेळून झाल्या झाल्या, लाल रेघ असेल तर ती दिसली पाहिजे. पुण्यातला ड्रिलर चांगला असेल तर आकडे मी लिहून देतो, काम त्याच्याकडून करून घे. इकडे यायचं असेल तर गणपती झाल्यावर ये, पावसाळ्यात खाऱ्या हवेने बिट गंजतात म्हणून मी ती तेल लावून कापडात गुंडाळून ठेवलेली असतात, सप्टेंबरच्या शेवटी काढतो. जुना बॉल सोबत आणायला विसरू नकोस, नव्यापेक्षा मला तोच जास्त बघायचाय.